पत्रिका जुळली, मग ठाण्यावर गेलो

बायको गेल्यावर आमच्या घरात माणूस ओळखणारं कोणी उरलं नाही. मी भात ओळखतो, बैल ओळखतो, कुठल्या कलमाचा मोहोर टिकेल ते सांगतो. माणसांचं काम तिचं होतं. ओटीवर कोणी येऊन बसला की ती पाणी घेऊन यायची, एकदा बघायची आणि तो गेल्यावर सांगायची, "ह्याच्यासंगं बाजाराला जाऊ नका." मी विचारायचो, का? ती म्हणायची, "का ते नाय म्हाईत. जाऊ नका." चैत्रात काजूखाली बिया वेचत होती, पाचोळ्यात फुरसं होतं, चावलं. संध्याकाळपर्यंत रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात ती गेली.

मुलगी लग्नाची होती. आमच्यात आई नाहीतर बाप गेला की घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलीला तेव्हाच तेवीस लागलेलं. तीन वर्षं थांबलो असतो तर बिजवरच दारात आले असते. म्हणून दिवाळी झाल्याबरोबर माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, स्थळ घेऊन आला. मुलगा रत्नागिरीला लागून असलेल्या एका गावचा. मुंबईत गिरणी बंद पडल्यावर छापखान्यात लागलेला. आवस लहानपणीच गेलेली, घरी फक्त बापूस. पत्रिका जुळली. मुलीला मुलगा पसंत पडला. मलाही नाव ठेवायला काही सापडलं नाही, आणि तेच मला खटकलं.

लांज्याच्या स्टँडवर त्यांच्या बाजूचा एक काजूवाला भेटला. त्याला सहज विचारावं तसं विचारलं. तो म्हणाला, "पोरगा चांगला हो. एकदा पोलिसांनी उचललेला, तेवढं सोडलं तर बोलायला जागा नाय." एवढ्यात त्याची गाडी लागली आणि तो चढून गेला.

मेव्हण्याला गाठलं.

"भावोजी, लोक जळतात. तसलं काय नसेल."

"नसेल की नाय?"

"नाय."

"मग तुझं तोंड का उतरलं?"

"माझं तोंड पहिल्यापासून असंच हाय. ताईला विचारा पाहिजे तर," असं तो बोलून गेला. ताई आता नाही हे ध्यानात आलं तसा तो उठून बाहेर गेला.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. काय केलं असेल? चोरी? बाईची भानगड? मेव्हण्याला ठाऊक असून तो लपवत तर नसेल? पोरगी एकदा दिली की दिली. सकाळची पहिली एसटी पकडून रत्नागिरीला गेलो आणि सरळ ठाण्यावर.

ठाणं मला नवीन नव्हतं. बायको गेली तेव्हा इस्पितळानं ठाण्याला कळवलं होतं, तसं कळवावंच लागतं म्हणे. मला एका बाकावर बसवून विचारलं होतं, घरात भांडण होतं काय, आणायला उशीर का झाला, जनावर तुम्ही स्वतः बघितलं काय. तिचं मयत अजून इस्पितळात होतं आणि दुसरा अख्खा दिवस मी त्या बाकावर. आता मी त्या बाकावर बसलो नाही. उभाच राहिलो.

हवालदारानं विचारलं, "काय काम?"

"एका मुलाला तुम्ही धरलेला. कशासाठी ते बघायचंय."

"तुम्ही कोण?"

"मुलीचा बाप."

"कुठल्या गुन्ह्यातली मुलगी?"

"गुन्ह्यातली नाय. लग्नातली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "लग्नासाठी ठाण्यात? अहो, पत्रिका बघा की."

"पत्रिका जुळली. म्हणून तर इथं आलोय."

आतले दोघं हसले. हवालदार हसला नाही. त्यानं मुलाचं नाव, गाव, माझं नाव, गाव, सगळं लिहून घेतलं आणि वर म्हणाला, "आमचं रजिस्टर म्हणजे वाचनालयातला पेपर नाय. कोर्टात गेलेलं असेल तर ते कोणीही बघू शकतो. तिथं जा." मी विचारायला गेलो आणि माझंच लिहून घेतलं. कशाला लिहिलं, ते मी विचारलं नाही, पण वाटेत तेच डोक्यात.

कोर्टातला कारकून म्हणाला, त्या नावाचा खटला नाही. मला वाटलं, दाबलं. कोणाची तरी ओळख असणार. बाहेर पायरीवर अर्ज लिहून देणारा बसला होता, त्यानं विचारलं, "गावातलं भांडण होतं काय? तसली प्रकरणं इथं येत नायत. तहसील कचेरीत जातात. शांतता राखीन म्हणून लिहून घेतात आणि सोडतात." त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, तिकीट लावलं, तहसील कचेरीत गेलो. तिथला कारकून दोनदा चहा प्यायला, मग त्यानं गठ्ठा सोडला आणि वाचून दाखवलं. शिमग्यात पालखी नेताना मानावरून दोन वाड्यांत मारामारी. खालील इसमांना ताब्यात घेतले. आमच्या मुलाचं नाव होतं, बापाच्या नावासकट. वय सत्तावीस.

कारकून पुढे वाचत होता आणि मध्येच थांबला. "हे बघा. वय चौऱ्याहत्तर. हा आजोबा काठीनं मारत होता की काठी टेकत होता?" तो हसायला लागला. त्याच्याखाली आणखी एक, पायानं अधू.

मी हसलो नाही. असल्या म्हाताऱ्याला मारामारीत धरलं म्हणजे कागद खोटा. आणि कागद खोटा, तर त्या पोरानं खरं काय केलं ते कुठं लिहिलंय?

चारपाच दिवसांनी मुलाचा बापूस माझ्या ओटीवर. मागून मेव्हणा, चोरासारखा. ठाण्यातून त्यांच्या पोलीस पाटलाला विचारलं होतं आणि पाटलानं सगळ्या वाडीला सांगितलं होतं. मुलगी पाणी ठेवून गेली. मुलाच्या बापानं तांब्याला हात लावला नाही.

"माझ्या मुलाचा तपास करताय?"

"करतोय."

"मला विचारायचं."

"सांगितलं असतंत?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारता कोण सांगत फिरतो, माझा पोरगा लॉकअपमध्ये जाऊन आला म्हणून?"

"मग आता विचारतो. काय केलं त्यानं?"

त्याला दमा होता. थांबून थांबून बोलला. "दोघांची डोकी फुटली. फोडणारे रातोरात मुंबईच्या गाडीला लागले. पोलीस म्हणाले, माणसं द्या, नाय तर सगळी वाडी नेतो. देवळात बैठक बसली. आता गावावर काम पडलं की काय करतात? पाखाडीच्या पायऱ्या बांधायच्या, विहीर उपसायची..."

"घरटी एक माणूस," माझ्या तोंडून निघालं.

"घरटी एक माणूस. पोलिसांच्या गाडीतसुद्धा तसाच. माझ्या घरातून मी गेलो असतो तर परत आलो नसतो. पोरगा शिमग्याला आलेला, तो गेला."

"आणि तो चौऱ्याहत्तर वर्षांचा?"

"त्याचे मुलगे मुंबईला. पण घर उघडं ना, चूल पेटते ना? मग माणूस द्यायला नको? त्याला गाडीत माझ्याच पोरानं चढवला."

मेव्हणा फिसकन हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर गप्प झाला. आमच्या गावातही हेच झालं असतं, हे मला ठाऊक होतं. पण आपल्याला माहीत असलेलीच गोष्ट सांगून माणूस खोटंही गळी उतरवतो. मी विचारलं, "पोरानं एकही काठी उगारली नाय?"

"मी सांगतो, नाय. माना, नाय तर सोडा." मग तो माझ्याकडे वळला. "आता माझं. पाटील सांगत होता, त्या ठाण्यात तुमचंपण नाव हाय. बायकोच्या मयताचं. तुम्हाला दिवसभर बसवून ठेवलेलं. का?"

मेव्हणा उठलाच. "ओ, तोंड सांभाळा. माझी बहीण ती."

"बस खाली," मी म्हटलं. "विचारू दे. तोपण बापूस हाय."

पण सांगायला तोंड उघडलं आणि ठाण्यातल्या त्या बाकाचंच सांगत बसलो. ती कशी गेली ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा नाय सांगणार. मी सांगते," ती त्याला म्हणाली. "आवशीला चावलेलं फुरसं मी बघितलं. मीच ते ठेचलं. आमच्या वाडीत गाडी येत नाय. बाबा तिला पाठीवर घेऊन सगळी पाखाडी उतरले. मी मागून तिचा बांधलेला पाय धरून चालत होते. ती सारखी बोलत होती, मला खाली ठेवा, तुम्हाला धाप लागली. बाबांनी ठेवलं नाय. खाली जीप मिळेपर्यंत उशीर झाला. पोलिसांनी मला काय विचारलंच नाय."

पाखाडीवर ती काय बोलत होती ते मुलीला ऐकू गेलं असेल, असं माझ्या ध्यानातही नव्हतं.

मुलाच्या बापानं तांब्या उचलला. घोटभर पाणी घेतलं आणि विचारलं, "वर्ष कधी भरतं?"

"चैत्रात," मेव्हणा घाईघाईनं म्हणाला. "माघात मुहूर्त आहेत."

मला अजून सगळं पटलं नव्हतं. मुलीला विचारलं, "तुझं काय?"

"माझं मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. तुम्ही ऐकलंत कुठं? एसटीत जाऊन बसलात."

माघात लग्न झालं. ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दर मे महिन्यात दोघं येतात. ती आली की मी आधी तिच्या तोंडाकडे बघतो, मग हातांकडे. जावई ओटीवर टेकला की आडून आडून काहीबाही विचारतो, पगार कधी होतो, संध्याकाळी घरी कितीला येता. परवा तो विड्याचं पान लावता लावता म्हणाला, "बाबा, तपास अजून चालू हाय काय?"

"चालू हाय," मी म्हटलं.