वाचनालयातले दिवे कोणी जोडले?

पोलिसाच्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ हाताळले, पण अजून पाठ सोडत नाही ते प्रताप नगर भागातल्या एका लहानशा वाचनालयाचे प्रकरण.

एका खासगी कंपनीने पदरच्या पैशाने पालिकेच्या इमारतींत नवे दिवे बसवले होते. वीजबिलात जी बचत होईल, त्यातून तिची रक्कम फिटायची. माणूस हलला की दिवा लागणार, हालचाल थांबली की विझणार. जुनी बटणे काढून टाकली होती. या वाचनालयाचे बिल मात्र उलट वाढले. पाहिले तर कोणीतरी सेन्सर काढून वायरी थेट जोडलेल्या, दिवे अष्टौप्रहर सुरू. कंपनीने तोडफोडीची तक्रार दिली.

समोरच्या चहावाल्याने हळूच सांगितले, "साहेब, चौकीदाराले म्या टेबलावर चढून वायरी छिलताना पाहिलं."

चौकीदार कंत्राटी होता. गुन्हा दाखल झाला तर काम जाणार, हे त्यालाही कळत होते. तरी ठाण्यात बसवताच त्याने कबुली दिली.

"मीच केलं साहेब."

"काहून?"

मान खाली.

"दिव्यांच्या जुन्या ठेकेदारानं पैसे चारले का बे?"

"नाही जी. सांगून तुमाले पटन नाही."

माझे डोकेच फिरले. चोर खोटे बोलतो, ते एक वेळ चालते. पण खरे सांगून कारण गिळणाऱ्या माणसाचे काय करायचे? त्याला घरी पाठवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांत स्वतः वाचनालयात जाऊन बसलो.

कंपनीने सेन्सर पुन्हा लावले होते. आत एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते, बाकी खुर्च्या रिकाम्या. थोड्या वेळाने दिवे विझले आणि बिनखिडकीच्या खोलीत अंधार झाला. काकांनी मान वर न करता हात उंचावून हवेत हलवला. दिवे लागले. पुन्हा अंधार, पुन्हा हात.

"काका, रोज असंच?"

"रोजचंच हाय गा. बायको गेल्यापासून घरात बसवत नाही, म्हून इथं येतो. तं हे लाइट म्हणते, इथं कोणीच नाही. एक दिवस चौकीदाराजवळ रडलो मी. म्हटलं, मीच मेलो का काय?"



चौकीदाराला बोलावून विचारले, "एवढंच होतं तर सांगितलं काहून नाही?"

"बुढ्यावर सारे हसले असते साहेब. त्याची इज्जत गेली असती."

कंपनीच्या माणसांना मी सगळे समजावले. त्यांनी तक्रार मागे घेतली, वाचन कक्षात साधे बटणही लावून दिले. पण कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराने तोवर दुसरा माणूस ठेवला होता. मी भांडलो, विनवण्याही केल्या. वर्दीचा काही उपयोग झाला नाही.

प्रत्येक गुन्ह्यामागे आधी पैसा शोधायचा, ही माझी सवय बहुतेक वेळा कामी आली. एकटेपणाबद्दल मात्र मी तोवर एकाही आरोपीला विचारले नव्हते. या प्रकरणानंतर विचारू लागलो.

चौकीदाराचे काम गेल्याचे काकांना सांगायला गेलो तर त्यांनीच विचारले, "तो चौकीदार कधी येते गा?"

"येईल," मी म्हणालो.

खोटे बोलणारे शेकडो लोक मी चेहऱ्यावरून ओळखले होते. त्या दिवशी काकांनी मला ओळखले. त्यांनी पेपरची आतली पाने काढून माझ्यापुढे सरकवली.

आता मीही निवृत्त आहे, घरी वाट पाहणारे कोणी नाही. ती आतली पाने वाचायला रोज दुपारी तिथे जातो.