मास्तरांचा विनंती थांबा

बोडके मास्तर गाडीत चढणाऱ्या माणसाचं तोंड बघत नसत, पाय बघत. सकाळी सहाला पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी आमची सव्वीस सीटांची गाडी लागायची. मास्तर दाराशी यादी घेऊन उभे, आणि पाहुणे एकेक करून पायरी चढत. 'बुटाचा माणूस इतिहास ऐकतो,' ते मला हळूच सांगत. 'सँडलवाला निम्मा ऐकतो. स्लिपरवाला मात्र घरूनच ओला होऊन निघालेला असतो. त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.' ज्या दिवशी स्लिपर जास्त निघायच्या, त्या दिवशी मोखाडा येईपर्यंत मास्तर कुणाशी धड बोलत नसत.

मास्तर म्हटल्यावर पाहुण्यांना ते शाळेतले वाटत, आणि मास्तरही ही चूक लगेच दुरुस्त करत नसत. खरं तर ते एसटीचे कंडक्टर. नाशिक-जव्हार रस्त्यावर त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून आमच्या भूषणकडे सहलीचे गाइड म्हणून लागले. भूषण म्हणजे आमचा मालक, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. मी त्याच्या ऑफिसात बुकिंग बघते, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी पोह्यांचं पातेलं सांभाळत गाडीबरोबर जाते. मास्तर गाइड झाले, पण त्यांच्यातला कंडक्टर काही खाली उतरला नाही. आमच्या गाडीला घंटा नाही, तर मास्तर तोंडानेच 'टिंग टिंग' म्हणत. अगदी गंभीर चेहऱ्याने. आणि ते ऐकल्याशिवाय आमचा ड्रायव्हर अशोक गिअर टाकत नसे. नवीन माणसाला हसू फुटायचं. मग मास्तर त्याच्याकडे असे बघत की सुटे पैसे आणायला आपणच विसरलो, असं त्या बिचाऱ्याला वाटावं.

सहल साधी होती. आधी जव्हार गाव आणि तिथला राजवाडा, मग दाभोशाचा धबधबा. हा क्रम मास्तरांनी लावलेला. 'पाण्यानंतर इतिहास शिरत नाही, ताई,' ते म्हणत. 'अंग एकदा भिजलं की माणसाला फक्त भजी दिसतात.' म्हणून आधी जव्हारला दोन तास. कुठला राजा कुणानंतर गादीवर आला, कुणी काय बांधलं, हे ते असं सांगत जणू ओळीने थांबे सांगताहेत. पाहुणे दोन तास घड्याळ बघत. धबधब्याविषयी मास्तरांचं मत ठाम होतं: 'पाणीच ते. उतार आला की पडणार. त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व काय?' ते धबधब्याकडे कधी खाली उतरले नाहीत. वर दगडावर बसून लोकांच्या चपला, मोबाइल आणि चष्मे सांभाळत. एकदा तर एका आजोबांची कवळीही त्यांनी दोन तास रुमालात सांभाळली होती.

मी त्यांचा इतिहास मन लावून ऐकत होते, असं खोटं सांगणार नाही. जव्हारला मी गाडीत झोप काढायचे.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला भूषणने नवं पोस्टर छापलं: 'एक दिवस, तीन धबधबे'. मास्तरांनी ते ऑफिसात उभ्याने दोनदा वाचलं. निलंबनाचा कागद माणूस जसा वाचतो, तसं.

"जव्हार कुठे आहे यात?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, लोक काय लिहितात बघा ना. धबधबा मस्त, वेळ कमी, इतिहास फार," भूषण मोबाइल पुढे करत म्हणाला. "जव्हार रस्त्यातच लागतं. चालत्या गाडीतून दाखवा."

मला वाटलं, आता हे यादी टेबलावर ठेवून निघून जातील. पण ते बसले. चहा मागवला, बशीत ओतून सावकाश प्यायले. मग म्हणाले, "भूषणशेठ, कागदावर नको छापू. विनंती थांबा ठेव."

भूषणला कळेना. मास्तरांनी समजावलं. एसटीला काही ठिकाणी कायमचा थांबा नसतो. पण प्रवाशाने विनंती केली तर गाडी थांबते, मग तो एकटा का असेना. "मी गाव आलं की विचारीन. एकाने जरी हात वर केला, तरी थांबायचं. नाही केला, तर सरळ पुढे."

"ठरलं," भूषण म्हणाला, आणि मास्तरांची पाठ वळल्यावर माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला. कोण करणार होतं हात वर?

कुणीच केला नाही. पहिल्या रविवारी नाही, दुसऱ्या नाही. घाट संपून जव्हारची घरं दिसायला लागली की मास्तर पुढे उभे राहत, दांडा धरत आणि विचारत, "जव्हार. जव्हारला कोणी उतरणार आहे का?" गाडीत गाणी लागलेली असायची. तिसऱ्या रविवारी मागून एक हात वर झाला. मास्तरांचा चेहरा असा उजळला की मीसुद्धा सीटवर सरळ बसले. "बोला साहेब," ते म्हणाले. साहेब म्हणाले, "ही खिडकी लागत नाहीये."

मास्तरांनी खिडकी लावून दिली.

अशोकलाही वाईट वाटलं. "मास्तर, मीच हात करू का?" त्याने विचारलं. "ड्रायव्हरला विनंतीचा अधिकार नसतो," मास्तर म्हणाले. मला त्यांची कीव यायला लागली, आणि कीव आली की मला राग येतो. मी म्हटलं, "अहो, चहाला थांबतोय म्हणून सांगा आणि फिरवा राजवाड्यावर. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, हे ठीक आहे, पण इथे लपवा की थोडं." मास्तर म्हणाले, "चहाच्या नावाखाली राजवाडा दाखवायचा नसतो, ताई. राजवाड्याचा अपमान होतो." मी पोह्यांवर झाकण ठेवलं.

पाचव्या रविवारी चांदवडजवळच्या एका गावातला बायकांचा बचत गट आला. चोवीस जणी, सगळ्या शेतकरणी, आणि पायांत सगळ्यांच्या स्लिपर. मास्तरांनी पायरीवरचे पाय मोजायचंही सोडून दिलं. गटाच्या पुढारी होत्या मथुराबाई, साठीच्या, आवाज शिवाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेल असा. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी मला बजावलं, "बाई, आम्हाला पानी दाखवा फक्त. आमचा जल्म गेला इहिरीतनं पानी वर वढन्यात. वरनं फुकाट पडनारं पानी कसं दिसतं, तेवढं बघायचंय."

घाट संपला. मास्तर सवयीने उभे राहिले. आवाजात जोर नव्हता. "जव्हार. जव्हारला कोणी उतरणार आहे का?"

"काय हाय तिथं?" मथुराबाईंनी विचारलं.

"राजवाडा आहे."

"राजा हाय का?"

"आता नाही कोणी तिथे."

"मंग कशाला जायाचं?"

गाडीत हशा पिकला. एरवी मास्तरांनी इथे राजांची नावं सुरू केली असती. त्या दिवशी ते नुसते दांडा धरून उभे राहिले. मग म्हणाले, "तसं काही नाही. मी अकरा वर्षं इथं मुक्कामाच्या गाडीवर होतो. संध्याकाळी यायचं, सकाळी पहिली गाडी घेऊन निघायचं. करायला काही नसायचं, म्हणून गाव हिंडायचो. म्हातारी माणसं सांगायची, ते ऐकायचो. एवढंच."

मथुराबाई उठून उभ्या राहिल्या. "मंग तसं सांगा ना मास्तर. तुमचं गावच म्हना की."

"माझं गाव नाही हो. मी सिन्नरचा."

"अकरा वर्सं जिथं निजला ते गाव मानसाचंच आसतं. आन् मानसाच्या गावावरनं पानी न पिता पुढं जायाचं नसतं. करा गं हात वर."

चोवीस हात वर झाले. अशोकने घंटेची वाट न बघता ब्रेक दाबला. मास्तर 'टिंग' म्हणायचंच विसरले. आणि मी, काय वाटलं कोण जाणे, पोह्यांचं पातेलं सोडून खाली उतरले.

राजवाड्यात मात्र जे झालं, त्याची मास्तरांनी स्वप्नातही कल्पना केली नसेल. ते पायऱ्यांवर उभे राहून घसा खाकरताहेत, राजघराण्याची सुरुवात करताहेत, तोवर मथुराबाई भिंतीला तळहात लावून म्हणाल्या, "गार हाय गं. आन् वारा बघ कसा खेळतोय."

"कांदा लय टिकंल इथं," दुसरी म्हणाली.

"दिवाळीपत्तोर कोंब नाय यायचा."

"पन जिना आरुंद हाय. गोनी वळायची नाय."

"गोनी कशाला? खिडकीतनं वता."

सगळ्याजणी वर बघायला लागल्या. छप्पर गळतं का, जमिनीला ओल चढते का, कुठल्या खोलीत उन्हाळी कांदा आणि कुठल्या खोलीत लाल, याची वाटणी सुरू झाली. लासलगावच्या मार्केटात कधी पाऊल न टाकलेल्या माझ्यासारखीलाही तेवढ्या वेळात कांदाचाळीत वारा कुठून घ्यावा, हे पाठ झालं. मास्तरांचा चेहरा लाल झाला होता.

"बाई," ते म्हणाले, "इथे राजे राहायचे. राजे!"

"ऱ्हाऊ द्या की," मथुराबाई शांतपणे म्हणाल्या. "ते वरच्या मजल्यावर ऱ्हातील."

मी तोंडाला पदर लावला. मास्तर माझ्याकडे रागाने बघायला वळले, आणि मग त्यांचंच अंग हलायला लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "वरच्या मजल्यावर पत्रा आहे की कौलं, ते बघायला हवं." त्यांनी स्वतःच सगळ्यांना वारा कुठून येतो ते फिरून दाखवलं. कुठली खिडकी कुठल्या दिशेला आणि का, हे त्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मग मथुराबाईंनी विचारलं, "तुमी निजायचे कुठं?" आणि सगळा लवाजमा राजवाडा सोडून एसटी स्टँडकडे निघाला. मास्तरांनी विश्रांतीची खोली दाखवली. खाणावळीची जागा दाखवली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. खाणावळीतल्या म्हातारीने ते तापाने फणफणलेले असताना तीन दिवस त्यांना नागलीची पेज पाजली होती, हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला. राजांच्या वेळी एकही प्रश्न आला नव्हता, इथे थांबेनात. भाकरी किती खायचा? कपडे कोण धुवायचं? घरी बायको काय म्हणायची?

"बायको म्हणायची, जव्हारला दुसरी केलीय की काय?"

"मंग? केली व्हती?"

मास्तर सत्तरीत लाजले. मथुराबाईंनीच त्यांची सुटका केली. "केली व्हती की. हेच गाव. सवत म्हनून वाईट नाय."

त्या नादात तिसरा धबधबा राहिला, दुसरा राहिला. दाभोशाला पोचलो तेव्हा तासभरच हाताशी होता. बायका चपला मास्तरांपाशी टाकून सुटल्या. मथुराबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या वरच थांबल्या. समोर पाणी कोसळत होतं. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "केवढं पानी, मास्तर. आन् कुनी वढतबी नाय." मास्तरांनी चपला बाजूला सारून त्यांना बसायला जागा करून दिली आणि दोघं पाण्याकडे बघत बसले. त्यानंतर 'पाणीच ते' हे वाक्य मी मास्तरांच्या तोंडून ऐकलं नाही.

दोन धबधबे बुडाले म्हणून भूषणने सोमवारी आकांडतांडव केलं. गुरुवारपर्यंत चांदवडकडून तीन गटांचे फोन आले. तिन्ही फोनवर एकच चौकशी: मास्तरांचं गाव दाखवता ना? भूषणने पोस्टर बदललं नाही, पण डोळा मारणं बंद केलं. आणि मास्तर आता दांडा धरून वेगळंच विचारायला लागले: "पुढे माझं गाव आहे. येता का?" दर वेळी हात वर झाले असं नाही. पण बहुतेक रविवारी झाले. आधी खाणावळ, मग वारा, आणि लोक रमले की हळूच राजे. मास्तर मला म्हणाले, "मी उगाच इतकी वर्षं राजाला पुढे करत होतो, ताई. माणूस आधी माणसाच्या घरी येतो."

या उन्हाळ्यात मास्तर गेले. दोनच दिवस दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तेव्हा तक्रार करत होते की डॉक्टर यायचं काही वेळापत्रकच नाही, कधीही येतात. मी हसले, आणि बाहेर जिन्यात येऊन रडले. माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं. हे त्यांना सांगायची पद्धत आमच्यात नव्हती.

जुलैत पहिली गाडी निघाली. भूषणने नवा गाइड ठेवलाय. मुलगा हुशार आहे, गळ्यात स्पीकर अडकवतो. घाट संपला तेव्हा तो पुढच्या धबधब्याची उंची सांगत होता. मास्तर जिथे विचारत, त्या वळणावर अशोकने गाडी अगदी हळू केली. कुणी काही विचारलं नाही, कुणी हात वर केला नाही. मागच्या सीटवरच्या एका बाईने मला विचारलं, "गाडी का हळू घेतली हो?"

"आमच्या मास्तरांचं गाव आहे," मी म्हटलं.

"कोण मास्तर?"

मी अशोकला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.