खाज, शिंका आणि आमच्या खरात मॅडम

डॉ. मंदाकिनी खरात यांना मी पहिल्यांदा भेटले ती पेशंट म्हणून. तेव्हा मी त्यांच्याच सरकारी रुग्णालयात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. रोज सकाळी अंगावर लालबुंद गांधी उठायच्या, दुपारी विरायच्या आणि संध्याकाळी दुसरीकडेच उठायच्या. खाजवून खाजवून जीव नकोसा होई. आईनं सांगितलेलं आमसुलाचं पाणीही लावून झालं. होस्टेलच्या मुलींनी माझी बादली वेगळी केली, आणि एक दिवस रेक्टर म्हणाल्या, "बरी होईस्तोवर घरी जा." घरी गेले असते तर परत आले नसते. वडील माझं लग्न ठरवायच्याच घाईत होते.

त्याच दुपारी मी त्वचारोग विभागात गेले. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ओपीडी संपल्यावर म्हणाल्या, "चल, तुझं होस्टेल दाखव."

त्या आल्या, सरळ माझ्या कॉटवर बसल्या. माझा गांधींनी भरलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि जमलेल्या मुलींकडे पाहिलं. "नर्स व्हायला आलात ना? मग हे आजच शिका. पित्ताच्या गांधी एकीच्या दुसरीला होत नसतात." एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटलीतले शेंगदाणे खायला सुरुवात केली. रेक्टर दारातच उभ्या होत्या. घरी जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मॅडमनी अॅलर्जीची गोळी, रोज एक, अशी लिहून दिली होती. मी मात्र गांधी उठल्या की घ्यायची, नाही उठल्या की नाही. पंधरा दिवसांनी रडत त्यांच्यापुढे उभी राहिले. त्या रागावल्या नाहीत. "अगं, उठल्यावर घ्यायची नाही, उठू नयेत म्हणून घ्यायची. नेमानं घे. तेवढ्यानं भागलं नाही तर डोस वाढवू. पण तो मी वाढवीन, तू नाही." भागलं नाही. त्यांनी तो वाढवला. मग एका सकाळी उठले तर अंगावर एकही गांध नव्हती. मी दोन्ही बाह्या वर करून कितीतरी वेळ नुसते हातच पाहत बसले.

पुढं नर्स झाल्यावर अठरा वर्षं मला त्यांच्या हाताखाली काम करायला मिळालं. औषधाचं कौतुक करावं ते त्याच्या वकुबाइतकंच, ही त्यांची शिकवण. एसटीचे एक चालक, सय्यदभाई, दरवर्षी पावसाळा सरताना शिंकांनी बेजार व्हायचे. दुकानातून जुनी, झोप आणणारी गोळी घेऊन ते गाडी चालवत. मॅडमपुढं बसून म्हणाले, "मॅडम, छींक बंद होती, पर आँख बी बंद होती!" सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. "तुमच्या मागं पन्नास माणसं बसलेली असतात, भाई." त्यांनी सुस्ती न आणणारी गोळी दिली आणि ती मानवते का हे आधी सुट्टीच्या दिवशी पाहायला सांगितलं. "शिंका, खाज, गळणारं नाक ह्याला गोळी छान. चोंदलेल्या नाकाला मात्र तिचा फार उपयोग नाही, त्याला हा फवारा मारा." सय्यदभाई पुढं निवृत्त होईपर्यंत गाडी चालवत राहिले.

एक प्रसंग मात्र मी कधीच विसरणार नाही. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी आमचं शिबिर होतं. भाजी विकणाऱ्या कौसाबाईंना मधमाश्या चावल्या म्हणून लोकांनी उचलून आणलं. अंगभर गांधी, सुजलेले ओठ. मी लगेच खाजेचं इंजेक्शन भरायला घेतलं. तेवढ्यात बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "गळा लई आवळतोय, माय."

मॅडमनी माझा हात धरला. "सिस्टर, ते नंतर. आधी अॅड्रेनलिन."

त्यांनी स्वतः कौसाबाईंच्या मांडीत ते जीव वाचवणारं इंजेक्शन दिलं, पाय उशीवर घेतले आणि रुग्णवाहिकेत त्यांच्या शेजारी बसल्या. वाटेत बाईंचा श्वास मोकळा होत गेला. मी मात्र ते अर्धवट भरलेलं खाजेचं इंजेक्शन अजून हातातच धरून बसले होते. मॅडम हळूच म्हणाल्या, "खाजेचं औषध खाजेसाठी. श्वास अडला की त्याच्या भरवशावर थांबायचं नाही. चुकला नाहीत तुम्ही, शिकलात." दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो तर कौसाबाईंचा पहिला प्रश्न, "माझ्या मेथीचं काय झालं, वो?" तेव्हा मॅडम मनापासून हसल्या.

आता मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. हर्सूलच्या त्यांच्या छोट्या दवाखान्यात त्या अजूनही सकाळी बसतात, आणि हल्ली तर शाळकरी मुलीलाही "अहो ताई" म्हणून बोलावतात. गाजरगवत फुललं की त्यांना स्वतःलाही शिंका येतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून पंचाहत्तरीच्या सत्काराच्या तयारीत मी त्यांना भीतभीत विचारलं, "मॅडम, फुलांचे हार ठेवू नयेत ना?"

त्या म्हणाल्या, "का बरं? चांगले जाडजूड आणा! शिंक आलीच तर गोळी आहे पर्समध्ये."

मॅडम, हार आम्ही आणतोच आहोत. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि शंभरीच्या हारालाही तुम्ही अशाच हौसेनं मान पुढं करा.