एकोणतीस फेब्रुवारीच्या सत्तेचाळीस चुका

दिनांक २९ फेब्रुवारी १९८८, वार सोमवार. रक्कम रुपये साडेसहा हजार. हजर असलेले: कारखान्याचे शेठ, पगाराचा प्रोग्राम लिहून देणाऱ्या बाई, आमचा शिपाई आणि हिशेबनीस म्हणून मी.

कारखाना अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत होता. पितळेचे नळ बनत. कामगार एकशे बारा. आदल्या सप्टेंबरपासून त्यांचा पगार कॉम्प्युटरवर निघू लागला होता. त्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या बाई घाटकोपरच्या. बाई म्हणायचं एवढंच, वय चोवीस. माझ्या भाचीएवढ्या, पण करारावर त्यांची सही होती म्हणून मी शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणालो. त्या मला काका म्हणत.

करार मीच लिहिला होता. शेवटचा हप्ता साडेसहा हजार, प्रोग्राम फेब्रुवारीअखेर सहा महिने चालल्यावर द्यायचा. मध्ये एक पूर्ण दिवस जरी बंद पडला तर हप्ता निम्मा. हे कलम घातल्याबद्दल शेठनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती.

बाईंसाठी या पैशांचा अर्थ वेगळा होता. बँकेची नोकरी सोडून त्या या कामात पडल्या होत्या. वडिलांनी सहा महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात बँकेच्या पगाराएवढी कमाई दाखवायची, नाही तर मुकाट्याने पुन्हा परीक्षेला बसायचं. त्यांचा हिशेब त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितला होता. साडेसहा हजार पूर्ण मिळाले तर जेमतेम जमत होतं. निम्मे मिळाले तर नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी मी कामगारांची हजेरी भरायला बसलो. एकोणतीस तारीख टाकली आणि मशीनने ती नाकारली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. फेब्रुवारीचे दिवस प्रोग्राममध्ये अठ्ठावीसच धरलेले होते. वर्ष लीपचं होतं.

बाईंच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. निरोप दिला. उत्तर आलं, “पाच मिनिटांचं काम आहे, मी निघतेच.”

प्रोग्रामचा मूळ मजकूर एका फ्लॉपीवर होता आणि ती फ्लॉपी करारानुसार माझ्या लोखंडी कपाटात. बाईंचा वेळ वाचावा म्हणून मी ती काढली आणि वहीत लिहून ठेवलेल्या पायऱ्यांप्रमाणे त्यातल्या फाइली मशीनवर उतरवल्या. मध्येच ड्राइव्हमधून खर्र-खर्र आवाज आला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारणा आली आणि तीन पर्याय आले. त्यातला ‘पुढे चला’ अशा अर्थाचा वाटला तो मी दाबला. काम पुढे गेलं. शेवटी मशीनने किती फाइली उतरल्या तो आकडा सांगितला. माझ्या सवयीने मी तो वहीत लिहिला. तेरा.

बाई साडेअकराला आल्या. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढल्या, बसल्या, आणि फेब्रुवारीचे अठ्ठावीस जिथे लिहिले होते ती जागा शोधण्याआधी सगळं एकदा आहे तसं जोडून बघू म्हणाल्या. जोडणं म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून मशीनला कळणारा प्रोग्राम तयार करणं. कळ दाबली. आम्ही वाट बघत बसलो. त्या काळच्या मशीनला त्यालाही चांगली सहा-सात मिनिटं लागत.

मग पडदा भरू लागला. भरला, वर सरकला, पुन्हा भरला. शेवटी आकडा आला: सत्तेचाळीस चुका.

“सत्तेचाळीस?” मी म्हणालो. “शनिवारपर्यंत तर नीट चालत होता.”

“काका, शेवटचा आकडा बघायचा नसतो. पहिली चूक धरायची. बाकीच्या तिच्या मागे येतात.”

हे मला पटलं. ताळेबंदात एक रक्कम चुकीच्या खान्यात पडली की पुढची सगळी पानं चुकतात, तसंच ते. पहिली चूक एका ओळीची होती: अमुक नावाची हेडर फाइल सापडत नाही.

हेडर फाइल म्हणजे काय, ते त्यांनी मला सप्टेंबरमध्येच समजावलं होतं. खातेवहीच्या सुरुवातीला खात्यांची यादी असते, तसं. विभाग किती, जास्तीत जास्त कामगार किती, महिन्यांचे दिवस किती, भत्ते काय दराने, ही सगळी ठरलेली नावं आणि आकडे तिथे एकदाच लिहायचे. बाकीच्या फाइली तिथून घेतात. ती नसेल तर बाकीच्यांना कशाचाच अर्थ लागत नाही.

त्यांनी नावाचं स्पेलिंग तपासलं. बरोबर. मशीन कुठल्या कप्प्यात शोधतंय ते तपासलं. बरोबर. मग कप्पाच उघडून फाइली मोजल्या.

“तेरा आहेत. मी चौदा दिल्या होत्या.”

मी वही पुढे केली. माझ्याच अक्षरात तेरा लिहिलेलं होतं. ताब्यात घेतानाची पोच त्याच वहीत आठ पानं मागे होती, तिच्यावर चौदा. रुपयाचा फरक पडला तर दिवसभर शोधणारा माणूस मी. हा फरक समोर असून मी ताडून बघितला नव्हता.

बाईंनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली. यादीत चौदावं नाव दिसत होतं. उघडायला गेलं की तोच खर्र-खर्र आवाज. सहा वेळा केलं. सहाव्यांदा त्यांनी फ्लॉपी बाहेर काढली आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात तिरकी धरून पाहिली.

“तुमच्याकडे दुसरी प्रत असेलच,” मी म्हणालो.

“होती. डिसेंबरमध्ये तीच फ्लॉपी पुसून दुसऱ्या कामाला घेतली. पस्तीस रुपयाला एक पडते, काका.”

एवढ्यात शेठ आत आले. संध्याकाळच्या विमानाने ते पंधरा दिवस बाहेरगावी चालले होते. चेकवर सही त्यांचीच चाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“काय झालं? वाट लागली ना?”

“एक फाइल वाचता येत नाहीये,” बाई म्हणाल्या.

“फ्लॉपी कोणाची?”

“मीच आणली होती.”

“मग बाई, माल तुमचा खराब. साडेपाचला भोंगा होतो. तोपर्यंत चालू झालं तर ठीक, नाही तर करारात लिहिलंय तसं. भाऊ, लिहिलंय ना?”

“लिहिलंय,” मी म्हणालो.

“बफिंगची धूळ गेली असेल,” असंही ते जाता जाता म्हणाले. ते मला खरं वाटलं. पितळ घासण्याची ती पिवळी भुकटी कारखान्यात कुठेही जाई. मी फडकं घेऊन ड्राइव्हचं तोंड पुसू लागलो.

शिपाई चहा घेऊन आला होता. मालवणकडचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. बाईंच्या हातातली फ्लॉपी बघून तो हसला.

“ही आपली लक्ष्मीच मा? दिवाळीक हळद-कुंकू मियां लावलंय हिका. आनि सायबांनी श्री लिवल्यानी. काय दाबून लिवल्यानी, जसो काय दगडार कोरतत!”

बाई चहा पिऊ लागल्या. मी फडकं खाली ठेवलं.

दरवर्षी लक्ष्मीपूजनाला आम्ही नव्या वह्या पूजेत ठेवत असू. त्या वर्षी पगाराची वही उरली नव्हती. शेठच म्हणाले, आता वही तीच, फ्लॉपी ठेवा. शिपायाने कुंकू लावलं ते बाहेरच्या कागदी पाकिटाला. पण मी फ्लॉपी पाकिटातून काढून तिच्या लेबलवर, वहीच्या पहिल्या पानावर लिहितो तसं, बॉलपेनने ‘श्री’ लिहिलं. खाली ‘शुभ लाभ’. पेन नीट उठेना म्हणून दोनदा गिरवलं. लेबलखाली पातळ आवरण आणि आवरणाखाली मजकूर साठवणारी नाजूक तबकडी, हे मला ठाऊक होतं. पाकिटाच्या मागे काय करू नये याची चित्रं होती आणि त्यातल्या एकात पेनवर फुली होती. ते मी त्या क्षणी, पाकीट उलटं करून, पहिल्यांदा पाहिलं.

मी गप्प राहिलो. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं झालं. वय सेहेचाळीस, दोन मुलं शिकत होती, मुलुंडच्या ब्लॉकचं कर्ज चालू होतं, आणि मशीन घ्या असं शेठना पटवणारा मीच होतो.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “काका, फाइल परत लिहू या.”

“न बघता?”

“या सत्तेचाळीस चुका आहेत ना, याच सांगतील काय हवंय ते. एकेक नाव मागतायत. नावं मशीन सांगेल, आकडे तुम्ही सांगा.”

दीड वाजला होता. त्यांनी सगळ्या चुका कागदावर छापून घेतल्या आणि कोऱ्या फाइलने सुरुवात केली.

“विभाग?”

“पाच. फाउंड्री, टर्निंग, बफिंग, प्लेटिंग, पॅकिंग. याच क्रमाने.”

“जास्तीत जास्त कामगार?”

“दीडशे धरले होते.”

“उचल जास्तीत जास्त किती हप्त्यांत कापायची?”

“दहा.”

असं चाललं. पाच-सहा आकडे झाले की त्या जोडून बघत. सत्तेचाळीसचे एकतीस झाले. मग बावीस. मग एक आकडा टाकल्यावर बाविसाचे सव्वीस झाले. त्या म्हणाल्या, “आधी दिसत नव्हत्या त्या आता दिसतायत. चांगलं आहे.” वरून विमान गेलं की मला शेठची आठवण येई. दर वेळी सहा-सात मिनिटं थांबायचं, आणि तेवढ्यात मी फ्लॉपीकडे न बघण्याचा प्रयत्न करायचा.

“बफिंगचा धुलाई भत्ता?”

“चोवीस.”

पावणेचारला आकडा शून्य झाला. फेब्रुवारीचे दिवस लीप वर्षात एकोणतीस, हेही त्यांनी घातलं. प्रोग्राम तयार झाला.

“जुळला म्हणजे बरोबर असं नाही,” मी म्हणालो. “जानेवारीचा पगार पुन्हा काढा. वाटलेली रक्कम माझ्याकडे आहे.”

प्रिंटर वाजू लागला. एकशे बारा माणसांची बेरीज आली. वाटलेल्या रकमेपेक्षा एकशे अडुसष्ट रुपयांनी कमी.

बाईंनी डोळे मिटले. साडेचार वाजले होते. “कुठला तरी एक आकडा चुकला. पण कुठला?”

एकशे अडुसष्ट. मी कागदावर भागून बघितलं. बाराने भाग जातो, चौदा येतात. बफिंगला माणसं चौदा होती. धुलाई भत्ता सप्टेंबरच्या समझोत्यात चोवीसचा छत्तीस झाला होता, त्या कागदाचं टंकलेखनही मीच केलं होतं. पाठ असलेला आकडा मी चुकीचा सांगितला, कारण दुपारपासून माझं डोकं दुसरीकडे होतं.

“छत्तीस,” मी म्हणालो. “चोवीस नाही. आणि आणखी एक. फ्लॉपी तुमच्यामुळे खराब झाली नाही. मी तिच्यावर बॉलपेनने श्री लिहिलं.”

“माहितीये.” त्या छत्तीस टाकत होत्या. “मगाशी उजेडात धरली तेव्हाच दिसलं. पेन आतपर्यंत रुतलंय.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून फाइल परत येणार होती का?”

पुन्हा जोडणं, पुन्हा जानेवारी. पाच वाजून बारा मिनिटांनी बेरीज आली. पैशापर्यंत जुळली. मग एकोणतीस तारखेची हजेरी टाकली आणि मशीनने ती घेतली.

शेठ बॅग घेऊनच आले. बाई म्हणाल्या, चालू झालंय. शेठनी घड्याळ पाहिलं, मग मान हलवली.

“झालं, पण आख्खा दिवस गेला ना यार. भाऊ, तुम्ही सांगा, पाचशे-हजार कापू या? माल यांचा, आणि महिन्याचे दिवसपण चुकले.”

“दिवस चुकले ते माझंच,” बाई म्हणाल्या. “ते मी नाकारत नाही.”

“ते सकाळी पाच मिनिटांत झालं असतं,” मी म्हणालो. “बाकीचा दिवस माझ्यामुळे गेला.” आणि फ्लॉपी त्यांच्यासमोर ठेवली. दिवाळीचं सगळं सांगितलं, सकाळी न मोजलेल्या तेरा फाइलींसकट. शिपाई दारात उभा होता, तो या वेळी हसला नाही.

शेठनी फ्लॉपी उचलून तो श्री पाहिला. पूजेत फ्लॉपी ठेवा हे त्यांनीच म्हटलं होतं. ते त्यांना आठवलं की नाही, मला माहीत नाही. “कलम तुमचं,” ते शेवटी म्हणाले. “तुम्हीच सांगा काय लागतं.”

“पूर्ण दिवस बंद असेल तर कापायचं. भोंगा अजून झालेला नाही.”

त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. बाईंनी चेकवरचा आकडा वाचला, अक्षरातलाही वाचला, आणि पर्समध्ये ठेवला. चपला घालताना म्हणाल्या, “काका, वडलांना दाखवल्याशिवाय बँकेत टाकणार नाही.”

घरी सांगितल्यावर बायको एवढंच म्हणाली, “श्री लिहायला घरात वह्या नव्हत्या?”

दिले ते असे. बाईंना पूर्ण साडेसहा हजार, चेकने, त्याच दिवशी. आणि दहा फ्लॉपींच्या एका खोक्याचे तीनशे चाळीस रुपये ग्रँट रोडच्या दुकानदाराला, रोख, पुढच्या शनिवारी, माझ्या खिशातून. पाच कपाटात ठेवल्या, पाच घाटकोपरला पोचत्या केल्या.