नाचियारकोविलची सभा

कुंभकोणमला उतरले तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. सावित्रीबाई मला न्यायला स्वतः स्टेशनवर आल्या होत्या. पुण्याच्या ऑफिसातली माझी मैत्रीण पद्मा, तिची ही आई. सत्तरी ओलांडलेली, सुती साडीतली, ताठ चालणारी बाई. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावर भागात आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी, दाराबाहेर तमिळ. त्यांचं 'बैसा', 'मज', 'अस्के' (सगळे) मला फार जुन्या काळातलं वाटत होतं, तर माझी मराठी त्यांना भारी घाईची वाटत होती.

न्याहारीला इडलीबरोबर कडप्पा (मूगडाळ-बटाट्याचा पातळ रस्सा) आणि पितळी वाटीत फेसाळ कॉफी होती. खाताना त्यांनी सांगितलं की नोकरीभर त्या सरकारी नर्स होत्या. नाचियारकोविलच्या आसपासच्या खेड्यांत सायकलवरून फिरायच्या. बाळंतपणं, लसी, आणि बायकांना लहान कुटुंब पटवून देणं. दुपारी तिथेच एक सभा होती आणि त्यांना बोलायला बोलावलं होतं. मला तिथले पितळी दिवे पाहायचेच होते. बरोबर निघाले.

सभा मतदारसंघांच्या फेरआखणीवर होती. कोणत्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हे लोकसंख्येवर ठरतं. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये म्हणून ही वाटणी वर्षानुवर्षं जुन्या जनगणनेवरच गोठवलेली होती. त्यामुळे लोकसंख्या वाढलेल्या राज्यांत एका खासदारामागे मतदार जास्त, म्हणजे एकेका मताचं वजन कमी. आता नवी आखणी येणार आणि आपला वाटा घटणार, ही धास्ती तमिळनाडूत घरोघरी आहे. बसमध्येही दोन म्हातारे त्याच विषयावर तावातावाने बोलत होते.

दिव्यांच्या कारखान्यात थोडा वेळ काढून आम्ही मंगल कार्यालयात पोचलो. सावित्रीबाई माझ्या कानाशी मराठीत सांगत होत्या. एका वकिलाने ठराव शांतपणे मांडला. राज्यांचा वाटा आहे तसाच राहावा. राज्याच्या आत सीमा आखताना सत्तेवरच्या पक्षाचा हात नसावा, एक गाव दोन मतदारसंघांत तुटू नये, आणि आखणीआधी गावात येऊन लोकांना विचारावं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग एक भातगिरणीचे मालक उठले. आपण शहाणपणा केला आणि फसलो, असं त्यांचं म्हणणं. बायकांनी ऑपरेशनं केली नसती तर आज आपले खासदार वाढले असते. तेव्हा तरुण जोडप्यांनी जास्त मुलं होऊ द्यावीत, असं ठरावात घालावं. काहींनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या कानाशी चाललेलं भाषांतर थांबलं होतं. तेवढ्यात सावित्रीबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या माईकपर्यंत गेल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या.

तेव्हा बायकांच्या रांगेतून सेल्वी उठली. बाजारात विड्याची पानं विकणारी, पन्नाशीची बाई. ती काय बोलली ते मला नंतर कळलं. तिची आई सहाव्या बाळंतपणात घरातच गेली, बाळही गेलं. मागची भावंडं तिने वाढवली. स्वतःला दोन मुली झाल्यावर सासू ऑपरेशन करू देईना. ही नर्सम्मा पुन्हापुन्हा येऊन दारात बसायची. सासूने दार लावून घेतलं तरी उठायची नाही. सेल्वीचं शेवटचं बोलणं सावित्रीबाईंनी मला शब्दन् शब्द सांगितलं. "माझ्या दोन्ही मुली शिकल्या आणि मी जिवंत आहे. यात चूक कोणाची, ते आधी ठरावात लिहा."

मग सावित्रीबाई बोलल्या, अगदी थोडं. राज्याचा वाटा कमी होऊ नये ही मागणी त्यांचीही होती. पण बायकांना त्यांनी लहान कुटुंब पटवलं ते बायकांच्या जिवासाठी होतं, खासदारांच्या जागांसाठी नव्हे. जास्त मुलांचं वाक्य ठरावात येणार असेल तर आपली सही मिळणार नाही. बराच वेळ वाद झाला, हात वर झाले आणि ते वाक्य गळलं.

परतीची बस वाटेत बंद पडली. रस्त्याच्या कडेला शेतात भाताची लावणी चालली होती आणि लावणारे पुरुष आपसांत हिंदी बोलत होते. इथे आता लावणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून ते बिहारमधून येतात. सुरेश नावाचा एकजण पाणी प्यायला बांधावर आला. सावित्रीबाई विचारायला सांगत होत्या, मी हिंदीत विचारत होते. गावी तीन मुलं, बायकोला आठवा महिना. मागच्या निवडणुकीला घरी जाता आलं नव्हतं. नर्स येते का? कधीमधी येते, म्हणाला.

सावित्रीबाई हळूच म्हणाल्या, "सभेंत मी माझ्या बायकांचेंच बोललें. ह्याच्या बायकोचें मत माझ्या मतापरीस हलकें कसें म्हणावें? रेघ कोठें ओढावी, मज कळत नाहीं."



त्यांनी त्याला घरी फोन लावायला सांगितला. चिखलाच्या हातांनी त्याने लावून स्पीकरवर टाकला. त्या मराठीत विचारत होत्या, मी हिंदीत सांगत होते, तो आपल्या बोलीत बायकोला. पाय सुजलेत का? हो. चेहराही? हो. डोकं दुखतं? दोन दिवस झाले, डोळ्यांपुढे अंधारीही येते. सावित्रीबाईंचा आवाज एकदम कडक झाला. ही रक्तदाब चढल्याची लक्षणं, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात, उद्यावर नको. सुरेशने भावाला फोन करून गाडी ठरवली, तोवर त्या बांधावरून हलल्या नाहीत. दुसरी बस आली, तीही आम्ही सोडली.

पुण्याला परतल्यापासून फेरआखणीवरच्या चर्चा मी लक्ष देऊन ऐकते. दक्षिणेवर अन्याय नको, हे मला पटतं. प्रत्येक माणसाच्या मताला सारखं वजन हवं, हेही पटतं. दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मात्र अजून उमगलेलं नाही. पण लोकसंख्येचा आकडा ऐकला की मला आता फोनवरचा तो घाबरलेला, न दिसलेल्या बाईचा आवाज आठवतो.

काही दिवसांनी सावित्रीबाईंचा फोन आला. सुरेशने तिथल्या शेतमालकाकरवी त्यांना कळवलं होतं. ऑपरेशन करून वेळेआधीच मुलगी झाली होती.

"दोघी वांचल्या," त्या म्हणाल्या. "आतां मोजणींत दोघी येतील."