दोन पलंगांची खोली

शनिवार, ११ ऑक्टोबर. हॅम्पशायरमधल्या एका बोर्डिंग शाळेचा ओपन डे. हजर: मी, माझी दहा वर्षांची सई, साउथहॅम्प्टनच्या आमच्या शेजारीण वैशालीताई, त्यांची रिया आणि होस्टेल दाखवणाऱ्या मॅडम. नवरा हॉस्पिटलात ड्युटीवर.

वैशालीताईंनी सईची बॅग उचलली आणि दाराबाहेर फेकली. आतली पाण्याची बाटली फुटली.

दोन पलंगांची खोली. प्रवेश मिळाला तर दोघी मुलींना तिथे एकत्र राहायचं होतं. त्याआधी सईने खिडकीकडच्या पलंगावर बॅग ठेवली, तेव्हा मी सहज म्हणाले, "मीही होस्टेलवरच शिकले. समाजकल्याणच्या."

वैशालीताईंना तेवढं पुरलं.

"म्हणजे तुम्ही त्यातल्या. चार वर्षं माझ्या किचनमध्ये वावरलात, पण बोलला नाहीत."

रियाने सईचा हात घट्ट धरला होता. वैशालीताईंनी आधी रियाच्या मनगटावर फटका मारला. हात सुटेना, म्हणून सईच्या गालावर.

"तिथे फुकट शिकलात, आता इथे बर्सरी मागून फी माफ करून घ्या. पण माझ्या मुलीशेजारी हिने झोपायचं नाही."

मॅडमना मी वाक्य न् वाक्य इंग्रजीत सांगितलं. त्या कसनुशा हसल्या. "हे तुम्ही आपसात मिटवलंत तर बरं होईल."

आमच्या होस्टेलवर गावातली पोरं दगड मारायची. आम्ही मुली पलंगाखाली शिरायचो. वॉर्डनही असंच म्हणायचे.

सई बॅग आणायला निघाली. तिला थांबवलं. मी बॅग आणली, पलंगावर ठेवली. वैशालीताईंनी माझं मनगट धरलं. नखं रुतली, रक्त आलं. मी त्यांचा हात पिरगाळला. सोडेपर्यंत पिरगाळला. भिंतीशी रेटून म्हणाले, "वैशाली, परत माझ्या मुलीला हात लावलास तर हा मोडेन."

मॅडमनी तेव्हा कुठे फोन केला. सिक्युरिटीला. माझ्याविरुद्ध.

शाळा हीच. प्रवेश परीक्षेला सई बसणार. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार, मॅडमच्या नावानिशी. मुलीला मारलं म्हणून पोलिसांत दुसरी. दोन्ही सोमवारी, कामावर जायच्या आधी.

पोलीस सईला विचारतील, तुला का मारलं. परत येताना गाडीत तिनेच मला विचारलं, "आई, मी काय केलं?"

जात म्हणजे काय, ते तिला अजून सांगायचं आहे.