लाल टायला हात

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. चहाचे मग घेऊन विंगेत गप्प उभं राहायचं, बस! गप्प राहणं मला फार छान जमतं. त्यामुळे वर्षभरात माझी एक वही भरली.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आमच्या शाळेमागे एक छोटं थिएटर आहे. दर बुधवारी दुपारी चारला तिथे जुन्या धाटणीचा व्हरायटी शो असतो. गाणी, जादू आणि शेवटी डॉब्स अँड फेन! पन्नासहून जास्त वर्षं ही जोडी एकत्र आहे. बुटके, लाल टायवाले डॉब्स हसवतात. उंच, करड्या सुटातले फेन नुसते प्रश्न विचारतात आणि कधीच हसत नाहीत. मी व्हॉलंटियर म्हणून शाळेतून थेट जाते, युनिफॉर्ममध्येच.

"तुम्हाला खरंच हसू येत नाही?" हे मिस्टर फेनना विचारायला मला तीन बुधवार लागले.

"येतं की. घरी जाऊन हसतो. बायको म्हणते, एवढ्या उशिरा कळतो का तुला जोक!"

*

तरुणपणी ग्लासगोला या जोडीचा पहिला शो होता. दहा मिनिटं झाली तरी हॉलमध्ये चिडीचूप. पहिल्या रांगेतल्या एकाने तर चक्क पेपर उघडला. डॉब्स वाकून म्हणाले, "काय बातमी?"

"तुम्ही अजून इथेच आहात, ही!"

अख्खा हॉल हसला. दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा आला. पेपर घेऊन!

*

एकदा समुद्रकाठच्या थिएटरात धो धो पावसामुळे तीनच प्रेक्षक आले. त्यातला एक कुत्रा. तरी डॉब्सनी एकही ओळ गाळली नाही.

"कुत्रा मध्यंतरात उठून गेला," मिस्टर फेन म्हणाले. "तिघांत समजदार तोच!"

*

पूर्वी एकदा एका एग सँडविचवरून दोघे अकरा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. शो मात्र रोज! मी थक्क झाले. "कोणाला कळलं नाही?"

"कसं कळणार, बॅब?" डॉब्स म्हणाले. ('बॅब' इकडे लाडाने म्हणतात.) "स्टेजवर बोलत होतो ना!"

*

या धंद्यातला पहिला नियम म्हणजे हशा ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य टाकायचं नाही. गेल्या महिन्यात नव्या स्किटमध्ये डॉब्स वेटर झाले होते, दोन्ही हातांत ट्रे. त्या दिवशी मिस्टर फेन दोनदा भर हशात बोलले. मॅनेजर ब्रेंडा म्हणाली, "पुन्हा असं झालं, तर डॉब्स अँड फेन बंद. त्यांच्या जागी दुसरा जादूगार."

माझी आई हॉस्पिटलमध्ये कानांच्या विभागात कामाला आहे, त्यामुळे काही खुणा मलाही कळतात. मिस्टर फेन बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतात. आणि हशा ओसरला की डॉब्सचा हात टायला लागतो. तो लागला की मगच मिस्टर फेन बोलतात. प्रत्येक वेळी!

मी डॉब्सना हळूच विचारलं, "त्यांना ऐकू येत नाही ना?"

"त्याने मला तसं कधी सांगितलेलं नाही, बॅब," ते म्हणाले. "आणि मी कधी विचारलेलं नाही."

*

परवाच्या बुधवारी ब्रेंडाने मुद्दाम तेच ट्रेचं स्किट ठेवलं आणि स्वतः पहिल्या रांगेत बसली. दुसरी खूण ठरवायची, तर आधी ती कानांची गोष्ट बोलायला हवी होती. दोघेही बोलले नाहीत. पडदा वर गेला.

पहिला हशा आला, जोरदार. मिस्टर फेनची नजर लाल टायकडे गेली. हात नाही. डॉब्सचे दोन्ही हात ट्रेमध्ये अडकलेले. मिस्टर फेनची नजर भिरभिरली, विंगेकडे वळली.

मी पडद्याआडून दोन पावलं पुढे आले. पहिल्या रांगेला मी दिसत होते. हशा ओसरू दिला आणि माझ्या शाळेच्या टायला हात लावला.

मिस्टर फेन बोलले.

शेवटच्या जोकपर्यंत मी तिथेच उभी होते. टाळ्या थांबेनात. ब्रेंडा आत आली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्याच्या पोस्टरवर तुमचंच नाव सगळ्यात वर!"

डॉब्सनी ट्रे खाली ठेवून घाम पुसला. मिस्टर फेन त्यांना म्हणाले, "आज हॉल छान हसला."

"तू ऐकलंस ना?" डॉब्स म्हणाले.

"ऐकलं."

मग मिस्टर फेन माझ्यासमोर थांबले. माझ्या टायची वाकडी गाठ सरळ केली आणि तोच कोरा चेहरा ठेवून म्हणाले, "तिसऱ्या हशाला जरा घाई केलीस, बॅब."